सेवेला निघालेली मुलं : धावड्याच्या डोंगरावरून घेतलेला आढावा

अजिंठ्याच्या डोंगररांगेत पश्चिमेला गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे आणि पूर्वेला बुलडाणा जिल्ह्यातलं ज्ञानगंगा अभयारण्य. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात भोकरदन तालुक्याच्या उत्तर टोकाला धावडा हे गाव वसलेलं आहे. 2019च्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओपट्टा असलेला एक तरुण वाघ सुमारे 1,300 किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला. 2021च्या मार्चमध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यानं टिपला. तिथे कित्येक दशकांनी वाघ दिसला होता. म्हणजे जालना जिल्ह्याच्या या कोपऱ्यातलं जंगल विरळ झालं असलं, तरी ते वन्यप्राण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे.

इथल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची मे महिन्याची सुट्टी मामाच्या गावाला, लग्नसराईत आणि शेतातल्या कामात जाते. मिरचीची लागवड जवळ आलेली असते. त्याच महिन्यात पुण्या-मुंबईतली किंवा परदेशस्थ मराठी घरांतली त्याच वयाची काही मुलं कोस्टारिकात कासवं वाचवायला, थायलंडमध्ये हत्तींची निगा राखायला किंवा आफ्रिकेत एखाद्या शाळेची भिंत रंगवायला निघतात. सोबत प्रशिक्षित पर्यवेक्षक असतात, दिवसांची आखणी ठरलेली असते, शेवटी सेवेच्या तासांचं प्रमाणपत्र मिळतं. विमानभाडं धरून खर्च काही लाखांत जातो. अमेरिकेत कॉलेजप्रवेशाच्या अर्जात अशा कामाला जागा असते, त्यामुळे तिकडच्या आईबापांना तो खर्च भविष्याची तरतूद वाटतो.

किशोरवयीन मुलांना देखरेखीखाली वन्यजीव आणि समाजसेवेच्या प्रवासाला पाठवावं का, या प्रश्नाचं उत्तर मला ठामपणे ‘हो’ असंच द्यावंसं वाटतं. मात्र हा प्रवास चांगला की वाईट, हे अंतरावरून आणि खर्चावरून ठरत नाही. काम कोणाच्या गरजेचं आहे, मुलांवर लक्ष कोणाचं आहे आणि यजमान गावातल्या मुलांना त्यात कोणती जागा आहे, या तीन प्रश्नांवरून ते ठरतं. पुढचा आढावा याच तीन प्रश्नांना धरून आहे.

दोन प्रवाह

सेवेसाठी प्रवास ही कल्पना पर्यटन कंपन्यांची नाही. पहिल्या महायुद्धानंतर, 1920मध्ये, स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल यांनी वेगवेगळ्या देशांतल्या स्वयंसेवकांना घेऊन फ्रान्समधल्या एका उद्ध्वस्त गावात पुनर्बांधणीचं शिबिर घेतलं. काल एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांच्या तरुणांनी एकत्र फावडी हाती घ्यावीत, हा त्यामागचा विचार होता. 1934च्या बिहार भूकंपानंतर हेच सेरेसोल भारतात आले आणि तिथल्या गावांच्या उभारणीत राबले. दुसरा धागा जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांचा. 1941मध्ये वेल्समध्ये त्यांच्या विचारातून ‘आउटवर्ड बाउंड’ सुरू झालं. पुढे ‘ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार’ (1956) आणि ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेज’ची पहिली संस्था (1962) त्याच विचारातून निघाली. त्याच मालिकेतलं एक महाविद्यालय 1997पासून मुळशी तालुक्यात पौडजवळ आहे. जगभरातून आलेली सोळा ते एकोणीस वर्षांची मुलं तिथे दोन वर्षं राहतात, आणि आसपासच्या गावांतलं सेवाकार्य हा त्यांच्या शिक्षणाचा भाग असतो. परदेशी किशोरांचा देखरेखीखालचा सेवाप्रवास महाराष्ट्राच्या मातीत कसा दिसतो, याचं ते चालतं उदाहरण आहे. तिथला मुक्काम दोन वर्षांचा असल्यामुळे तोंडओळखीपुढे जाऊन गावाशी नातं जुळायला अवसर मिळतो.

महाराष्ट्राचा स्वतःचा प्रवाह याहून कमी समृद्ध नाही. गाडगेबाबांचा खराटा, तुकडोजी महाराजांचं श्रमदान, 1941पासूनची राष्ट्र सेवा दलाची शिबिरं, 1969मध्ये 37 विद्यापीठांत सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना हे सगळे त्याचे टप्पे आहेत. पण उन्हाळी सेवाशिबिराचा सर्वांत ठसठशीत मराठी नमुना बाबा आमटेंनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ इथे घालून दिला. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. ऐन मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रभरातून तरुण तिथे जमायचे, सकाळी श्रम आणि नंतर चर्चा, गाणी, व्याख्यानं असा दिवस जायचा. मुलांना घेऊन राबणारी माणसं कुष्ठमुक्त होती, आणि जमीनही त्यांनीच कसलेली होती. शहरातून आलेला मुलगा तिथे उपकार करायला जात नव्हता. समाजानं टाकलेल्या माणसाच्या हाताखाली काम शिकायला तो जात होता. सेवाप्रवासाचं सारं मर्म मला या नात्यात दिसतं. त्या छावण्यांतून गेलेली कितीतरी माणसं पुढे आयुष्यभर सामाजिक कामात राहिली.

प्राण्यांसाठी मूल काय करू शकतं?

पंधरा वर्षांच्या मुलानं वन्यप्राण्याला हात लावून त्याचं भलं होण्याचे प्रसंग फार थोडे. पाहून, मोजून, नोंदवून मात्र पुष्कळ होतं. कोस्टारिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर आर्ची कार या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं 1959पासून कासवांचा अभ्यास आणि रक्षण सुरू आहे. तिथे स्वयंसेवक संशोधकांच्या मागे रात्री किनारा चालतात, मापं आणि खुणा टिपून घेतात. त्या नोंदींचा शास्त्राला उपयोग होतो, म्हणून तिथलं काम खरं आहे.

आफ्रिका-आशियात याची दुसरी बाजूही दिसते. दक्षिण आफ्रिकेत ‘अनाथ’ म्हणून दाखवलेल्या सिंहाच्या छाव्यांना बाटलीनं दूध पाजायला परदेशी स्वयंसेवक पैसे मोजून येत. त्यातले कितीतरी छावे पिंजऱ्यातच पैदास केलेले होते आणि मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जात. 2015मध्ये ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटानं हा व्यवहार जगापुढे आणला. हत्तीवर बसवणाऱ्या, हत्तीला खेळ करायला लावणाऱ्या छावण्यांचीही हीच कथा आहे. माणसाला पाठीवर घेण्याइतका हत्ती नमवायचा, तर आधी त्याला लहानपणी आईपासून तोडून मारझोड करावी लागते. परदेशातल्या अशा क्रूर प्राणिखेळांची जाहिरात आणि विक्री रोखण्यासाठी ब्रिटनच्या संसदेनं 2023मध्ये कायदाच केला. पालकांनी यातून एक साधी कसोटी उचलावी. मुलाच्या कुशीत वन्यप्राण्याचं पिल्लू दिसणारं छायाचित्र ज्या माहितीपत्रकावर आहे, ते माहितीपत्रक बाजूला ठेवावं.

आपल्याकडचा निर्मळ नमुना रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आहे. वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002च्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं. पूर्वी अंडी चोरीला जात, कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी पडत. आता गावातलेच कासवमित्र पहाटे किनारा चालून घरटी शोधतात, अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागी हलवतात आणि पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडतात. ते पाहायला येणारे पाहुणे गावातल्या घरांत राहतात, जेवतात आणि पैसा गावात राहतो. दोरीच्या अलीकडे उभं राहून वीतभरही नसलेलं पिल्लू लाटेपर्यंत पोचताना पाहणं, एवढंच पाहुण्या मुलाच्या वाट्याला येतं. पण कामाचा मालक गाव आहे आणि आपण साक्षीदार आहोत, हे मुलाला तिथे आपोआप कळतं. याहून चांगला पहिला धडा कोणता असणार?

हेमलकशाचं उदाहरण जरा वेगळं. भामरागडच्या जंगलातल्या या गावी 1973मध्ये बाबा आमटेंनी सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी उभा केला. माडिया आदिवासींच्या शिकारीत आई मेलेली पिल्लं डॉ. प्रकाश आमटे सांभाळू लागले आणि त्यातून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. तिथे सहलीला जाणाऱ्या मुलांना प्राण्यांचं आकर्षण असतं हे खरं. पण शिक्षकांनी त्यांना आधी दवाखान्याच्या आणि आश्रमशाळेच्या दारात न्यावं. भूक, शिकार, आजार आणि जंगल एकमेकांत कसे गुंतलेले आहेत, हे तिथे समजतं. ते समजलं की वन्यजीवसेवा आणि समाजसेवा ही दोन वेगळी खाती उरत नाहीत.

माणसांसाठी केलेल्या कामाची पारख

समाजसेवेच्या प्रवासातला सर्वांत दुखरा धडा अनाथालयांचा आहे. नेपाळ आणि कंबोडियात परदेशी स्वयंसेवकांची ये-जा वाढली तशी अनाथालयंही वाढली. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं पुढे उघड झालं. पाहुण्यांना अनाथ मुलं हवी होती म्हणून गरीब घरांतली मुलं आणली गेली. 2018मध्ये ऑस्ट्रेलियानं आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या तस्करीची दखल घेतली. आठवडाभर लळा लावून निघून जाणारी माणसं लहान मुलांच्या मनाला जखम करतात, हे वेगळंच. म्हणून अनाथालयातली अल्पकाळची सेवा किशोरांच्या कार्यक्रमातून पूर्णपणे वगळावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

श्रमाच्या कामाची पारख करायला मराठवाड्यानं पाहिलेलं उदाहरण घेऊ. 2016 ते 2019 या चार उन्हाळ्यांत पाणी फाउंडेशननं ‘वॉटर कप’ ही गावांमधली जलसंधारणाची स्पर्धा घेतली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके होते, पुढे त्यांची संख्या सत्तरच्या वर गेली. गावातली माणसं आधी प्रशिक्षण घेऊन यायची, पाणलोटाचा आराखडा गाव करायचं आणि एप्रिल-मेमध्ये माथ्यापासून पायथ्याकडे काम चालायचं. 1 मेच्या महाश्रमदानाला शहरांतून हजारो लोक आले, त्यांत शाळकरी मुलंही होती. त्या एका दिवसाच्या खोदकामानं पाणीसाठ्यात मोठी भर पडली असं कोणी म्हणणार नाही. पण चर कुठे खणायचा, किती खोल खणायचा, हे शहरातल्या साहेबाला गावातल्या बाईनं सांगितलं. ही अदलाबदल मोलाची होती. अशा मोहिमांत खोदण्यावर भर राहतो, भूजलाचं शास्त्र आणि पुढची देखभाल मागे पडते, ही जलअभ्यासकांची टीकाही रास्त आहे. त्या टीकेचं उत्तर जालना जिल्ह्यातच कडवंची या गावी मिळतं. कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली तिथे पाणलोटाचं काम वर्षानुवर्षं चिकाटीनं झालं. आज त्या दुष्काळी टापूत द्राक्षबागा उभ्या आहेत. मुलांना शिबिराला नेणाऱ्यांनी त्यांना कडवंचीही दाखवावी. सात दिवसांचं काम आणि वीस वर्षांचं काम यांतला फरक डोळ्यांनी दिसला की मुलाच्या मनातला पराक्रमाचा भ्रम गळून पडतो, आणि उत्साहाला दिशा मिळते.

देखरेख म्हणजे काय?

‘देखरेखीखाली’ हा शब्द जाहिरातीत सोपा असतो. 2011च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या मोहिमेच्या तळावर ध्रुवीय अस्वलानं हल्ला केला आणि एक सतरा वर्षांचा मुलगा गेला. तळाभोवतीची धोक्याची तार ऐन वेळी वाजली नाही, बंदूकही आधी चालली नाही. साधनं होती, पण ती नीट तपासलेली नव्हती. आपल्याकडे 1 फेब्रुवारी 2016ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. समुद्र दूरचा नव्हता, जंगली जनावर नव्हतं, शिक्षकही सोबत होते. सोबत असणं आणि लक्ष असणं यांत जीव जाण्याइतकं अंतर असू शकतं.

महाराष्ट्र शासनानं 2021मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणून आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला वनविभागाची परवानगी लागते. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2012चा पोक्सो कायदा आहे. कायदा पाठीशी आहेच, पण पालकांनी आयोजकाला विचारायचे प्रश्न अगदी साधे असतात. किती मुलांमागे एक मोठं माणूस आहे? मुलींसोबत महिला पर्यवेक्षक रात्रीही आहेत का? सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो? प्रथमोपचार कोणाला येतात? एखादं मूल रात्री रडायला लागलं, तर ते कोणाजवळ बोलेल? मुलानं ‘मला हे काम करायचं नाही’ म्हटलं तर चालेल का? या प्रश्नांची थेट उत्तरं जो देत नाही, त्याच्याकडे मूल सोपवू नये.

आपल्या भागाचा विचार केला तर मे महिन्याचं ऊन हाच पहिला धोका. पारा चाळिशीच्या वर असतो, म्हणून अंगमेहनत सकाळी दहाच्या आत संपायला हवी. दुसरा धोका अंधार पडतानाचा आणि उजाडतानाचा. ज्ञानगंगेच्या बाजूला अस्वलं आहेत, डोंगरात बिबटे आहेत आणि उन्हाळ्यात पाणवठ्यावर सगळ्यांचीच गर्दी असते. इथे पर्यवेक्षक म्हणून गावातला गुराखी शहरातल्या पदवीधराहून अधिक जाणतो. त्याला मानधन देऊन, मानानं बोलावून पथकात घ्यावं, कारण मुलांचा जीव त्याच्या माहितीवर अवलंबून असतो.

गावातल्या मुलांची जागा

आतापर्यंतच्या बहुतेक कार्यक्रमांत एक उणीव सारखी दिसते. शहरातलं किंवा परदेशातलं मूल सेवा करणारं, आणि गावातलं मूल सेवा घेणारं, अशी वाटणी आधीच झालेली असते. छायाचित्रात धावड्यासारख्या गावातली मुलं बाजूला उभी असतात. त्यांना मात्र वेळासचा समुद्र पाहायला, सोमनाथच्या छावणीत राबायला, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या निसर्गशिबिरात पक्षी ओळखायला कोणी नेत नाही. राष्ट्रीय सेवा योजना अकरावीपासून वाट्याला येते, आणि त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत कितीतरी मुलं-मुली शाळेतून बाहेर पडतात. दहावीनंतर लग्नाची बोलणी सुरू होणाऱ्या मुलीला घराबाहेरचा एक सुरक्षित, सन्मानाचा आठवडा किती बळ देऊन जाईल, याचा विचार सेवाप्रवासाच्या आयोजकांनी करायलाच हवा.

मुलांनी करण्याजोगं खरं काम या डोंगरात आहे. 2002च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. कोणती झाडं, कोणते पक्षी, कोणती औषधी वनस्पती, कोणतं जुनं बियाणं, याची ती गावाची वही. बऱ्याच ठिकाणी ती एकदा भरून कपाटात जाते. धावड्याच्या आणि पाहुण्या मुलांनी जोड्या करून आजी-आजोबांकडून ही माहिती लिहून घेतली, मोह-पळस-सालईच्या फुलण्याच्या तारखा टिपल्या, पाणवठ्याकाठच्या ठशांची चित्रं काढली, नीलगाई आणि रानडुकरांनी कोणत्या शिवारात किती पीक खाल्लं ते शेतकऱ्यांना विचारून नकाशावर मांडलं, तर वनविभागाला आणि ग्रामपंचायतीला उपयोगी पडेल असं काहीतरी जमा होईल. वाघ ज्या पट्ट्यातून येऊ-जाऊ शकतात, त्या पट्ट्यातली अशी नोंद तर अधिकच मोलाची. झाडांच्या बदलत्या वेळा नोंदवणाऱ्या ‘सीझनवॉच’सारख्या देशव्यापी उपक्रमांत शाळकरी मुलंही दर आठवड्याला नोंद करतात. त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही, वर्षभर टिकणारी सवय लागते.

बिबट्याबद्दलचं शहाणपणही याच वयात रुजतं. जुन्नर भागात पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. उसाच्या फडात बिबट्या दिसला तर गर्दी करू नये, लहान मुलांना संध्याकाळी एकटं सोडू नये, गोठा बंद ठेवावा, हे गावातली मुलं शिकली की घरातली मोठी माणसं त्यांचं ऐकतात.

पुढच्या उन्हाळ्यासाठी

परदेशात जायलाच नको असं मी म्हणत नाही. वेगळी भाषा, वेगळं अन्न, वेगळं जंगल मुलाला मोठं करतं. पण तिकडे जाण्याआधी मुलानं आपल्या भाषेच्या प्रदेशात कोणाच्या तरी हाताखाली आठ दिवस मुकाट्यानं काम केलेलं असावं. अमेरिकेतून सुट्टीला आजोळी येणाऱ्या मराठी मुलांनाही हेच लागू आहे. आजोळ सोमनाथपासून किंवा वेळासपासून फार लांब नसतं, आणि मराठी बोलायला लावणारं काम त्यांना दुसरीकडे सहज मिळणार नाही.

आयोजक संस्था, जिल्हा परिषद, वनविभाग आणि ग्रामपंचायत यांनी मिळून अजिंठ्याच्या डोंगरात असा एक आठवडा उभा करणं मुळीच अवघड नाही. मुलांची संख्या वीस-पंचवीसच्या आत ठेवावी. मुक्काम गावातल्या घरांत असावा आणि राहण्या-जेवणाचे पैसे त्या घरांना मिळावेत. काम गावानं ठरवावं, आणि पाहुणी मुलं गेल्यावर ते पुढे नेणारा माणूस आधीच नेमावा. निम्म्या जागा धावडा, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई परिसरातल्या मुलामुलींना द्याव्यात. त्यांचा खर्च पाहुण्यांच्या शुल्कातून निघावा. आणि त्याच वर्षी त्या गावच्या मुलांचाही प्रवास व्हावा, वेळासला किंवा सोमनाथला, तेवढ्याच देखरेखीत आणि तेवढ्याच सन्मानानं. हे परतीचं तिकीट ज्या कार्यक्रमात आधीपासून धरलेलं असेल, त्यालाच मी सेवाप्रवास म्हणेन. पालकांनीही पैसे भरण्याआधी आयोजकाला तेवढं एक विचारावं.